कळंब्याचा सांडवा आणि लोणारचे पाणी

वाचकहो, कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागलात की शहर संपता संपता कळंबा लागतो. बाहेरगावच्या माणसाला कळंबा म्हटले की आधी तुरुंग आठवतो, त्याला आमचा इलाज नाही. आमच्या लेखी कळंबा म्हणजे तलाव. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून संस्थानकाळात तो बांधला आणि कोल्हापूर शहराने त्याचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडू लागले, की ते पाहायला सारे कोल्हापूर लोटते. पोरे भिजतात, कणसे भाजली जातात, चहाच्या गाड्यांना बरकत येते. या सांडव्याची गोष्ट पुढे निघणार आहे, म्हणून आधी सांगून ठेवली.

२०२५ सालच्या फेब्रुवारीत या भागात ऊस तुटत होता, गुऱ्हाळांचा धूर वर जात होता आणि माणसे मोबाइलवर एक बातमी वाचत होती. आकाशातून मोठा धोंडा येणार, तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आपटण्याचा संभव आहे, आणि त्याच्या वाटेवर हिंदुस्थानही आहे. बातमी खोटी नव्हती, वाचकहो, हे आधी सांगतो. चिली देशातल्या दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी एक लघुग्रह सापडला होता. त्याचे नाव २०२४ वायआर ४. रुंदी साठ मीटरच्या आसपास. तो आदळलाच तर पॅसिफिक महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र ते थेट दक्षिण आशिया अशा एका लांब पट्ट्यात कोठे तरी आदळेल, असे शास्त्रज्ञांनीच सांगितले होते. आदळण्याची शक्यता सुरुवातीला शेकडा एक होती. १८ फेब्रुवारीला ती शेकडा ३.१ वर गेली. म्हणजे बत्तीसात एक.

त्या आठवड्यात माझ्याकडे एक शेतकरी आले. वय साठीच्या पुढे. सारे त्यांना आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. उसाच्या बांधाने आणि विहिरीकडच्या तुकड्यात मिळून साठ नारळ लावायचे त्यांनी ठरवले होते. रोपवाटिकेत आगाऊ पैसे दिलेले होते. उन्हाळ्यात खड्डे घ्यायचे आणि जूनच्या पावसात रोपे लावायची, असा बेत होता. आण्णा म्हणाले, "साहेब, ह्यो धोंडा बत्तीस साली पडनार म्हनं. नारळ धरायला सहा-सात वर्सं लागत्यात. मग लावून उपेग काय?"

बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, कारण प्रश्न नारळाचा नव्हताच. कळंब्याच्या आसपास शहर वाढत चालले आहे आणि प्लॉटवाल्यांचे डोळे शेतांवर असतात. आण्णांच्या तीस गुंठ्यांना कोणी तरी भाव सांगून ठेवला होता. मुलाचे म्हणणे, विकू या. आण्णा तयार नव्हते. आता त्या मध्यस्थाला नवीनच बोलणे सापडले होते, "बत्तीसला काय राहतंय कुनाला ठावं, आत्ताच चार पैसे हातात घेऊन चांगलं जगा की." माणूस जमीन का विकतो याची पुष्कळ कारणे मी नोकरीत पाहिली. औषधपाणी, लग्न, कर्ज, भाऊबंदकी. आकाशातला धोंडा हे कारण प्रथमच ऐकले.

मी बी.एस्सी. ॲग्री झालो तो माती आणि पिके शिकायला. पण खेड्यात कामाला असलेल्या माणसाला सगळेच विचारतात, तेव्हा थोडे वाचून घ्यावे लागते. वाचले ते असे. सूर्याभोवती पृथ्वी फिरते तसे लाखो लहानमोठे दगडही फिरतात. सूर्यमाला घडताना उरलेला हा राडारोडा आहे. बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असतात, काही मात्र वाट सोडून पृथ्वीच्या वाटेजवळ येतात. ज्या दगडाची वाट पृथ्वीच्या वाटेपासून ७५ लाख किलोमीटरांच्या आत येते आणि ज्याची रुंदी १४० मीटरांहून अधिक असावी असे दिसते, त्याला शास्त्रज्ञ 'धोकादायक ठरू शकणारा' म्हणतात. असे अडीच हजारांच्या आसपास दगड त्यांच्या नोंदवहीत आहेत. या हिशेबाने बत्तीस सालचा धोंडा आकाराने त्या वर्गातही बसत नव्हता.

'धोकादायक' या शब्दाला घाबरू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पाणी ३९ फुटांवर गेले म्हणून कोणी घर मोडून विकत नाही. गुरे वर न्यायची तयारी करतो आणि दर तासाला पातळी विचारतो. लघुग्रहांची नोंदवही ही अशीच पातळी विचारण्याची वही आहे.

मग शक्यता रोज वाढत का गेली, हा आण्णांचा पुढचा प्रश्न. त्याला मी असे उत्तर दिले. समजा, तुमचा बैल दावे तोडून गेला. पहिल्या दिवशी तो शंभर गावांपैकी कोठेही असेल, त्यात कळंबाही एक. म्हणजे कळंब्यात सापडण्याची शक्यता शंभरात एक. दुसऱ्या दिवशी सत्तर गावांतून निरोप आला की इकडे नाही. राहिली तीस गावे आणि कळंबा अजून त्यांतच आहे. आता शक्यता तीसात एक झाली. बैल कळंब्याकडे आला म्हणून ती वाढली नाही, आपली माहिती वाढली म्हणून वाढली. तिसऱ्या दिवशी कोणी तरी सांगतो, बैल गारगोटीच्या बाजारात उभा आहे. कळंब्याची शक्यता एकदम शून्य. या धोंड्याचे तसेच झाले. रोज नवी मोजमापे येत गेली, पट्टा अरुंद होत गेला आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वीच पृथ्वी त्या पट्ट्यातून बाहेर पडली.

आण्णांना हिशेब पटला. पण शेजारी बसलेल्या तरुणाने मोबाइल पुढे केला. त्यात लिहिले होते, खरे लपवून ठेवले आहे, लोक घाबरू नयेत म्हणून शून्य सांगतात. यावर काय बोलणार? कागदावरच्या आकड्याला दुसऱ्या कागदावरचा आकडा हे उत्तर होत नाही, हे मी खताच्या मात्रा सांगताना शिकलो आहे. शेतकऱ्याला प्रात्यक्षिकाचा प्लॉट दाखवावा लागतो. आणि धोंड्याचा प्लॉट आपल्या महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार.

होळीच्या आधल्या आठवड्यात आम्ही सातजण जीप करून निघालो. आण्णा, विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेले एक तात्या, बचत गटातल्या दोघी मावश्या, दोन तरुण आणि मी. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, मंठा आणि लोणार, अशी वाट धरली. या वाटेने सहाशे किलोमीटरांच्या घरात अंतर पडते. रात्रीचा प्रवास करून सकाळी जालना गाठले. उसाच्या मुलखातून निघालेल्या माणसाला ही जमीन मोकळी मोकळी वाटते. गहू पिवळा होऊन कापणीला आलेला, हरभऱ्याचे ढीग खळ्यावर, कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या. माळावर पळस पेटलेला. आण्णा सारखे विहिरी मोजत होते आणि "पानी लई खाली हाय इकडं" म्हणत होते.

लोणार गावात शिरेपर्यंत काही कळत नाही. डोंगर नाही, दरी नाही, सपाट मुलूख. मग थोडा चढ येतो, काठ येतो आणि पायाखालची जमीन एकदम संपते. खाली हिरव्या रानाने वेढलेले एक गोल पाणी. इतके गोल की कोणी परकाराने आखले असावे. काठापासून काठापर्यंत सुमारे १,८३० मीटर, म्हणजे पावणेदोन किलोमीटरांहून अधिक. काठावरून पाण्यापर्यंत सुमारे साडेचारशे फूट खोल. आपल्या भाषेत सांगायचे तर एकूण साडेसहाशे एकरांचा खड्डा. आमच्यातले कोणीच काही वेळ बोलले नाही. मग एक मावशी हळूच म्हणाल्या, "कुनी वो खांदलं हे?"

तात्या उत्तर शोधायला खाली वाकले. काठाच्या आतल्या बाजूने खडकाचे थर उघडे पडलेले दिसतात. आपल्याकडे आणि लोणारला खडक एकच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. थरावर थर येऊन साचलेला. कळंब्यात विहीर खोदताना हे थर भाकरीच्या चवडीसारखे आडवे लागतात. मुरूम, काळा पाषाण, मध्ये तांबडी माती, पुन्हा पाषाण. लोणारच्या काठाला तेच थर बाहेरच्या अंगाला कललेले आहेत, तव्यावरच्या भाकरीची कड वर उचलावी तसे. तात्या म्हणाले, "साहेब, ह्ये खांदल्यालं न्हवं. खांदल्यावर थर जाग्यावर ऱ्हात्यात. हितं आतनं कुनी तरी ढुसनी दिल्याली हाय." भूशास्त्रज्ञांचे अनेक वर्षांचे वादंग तात्यांनी पाच मिनिटांत उरकले.

वादंग खरेच अनेक वर्षांचे होते. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. सारा मुलूख लाव्ह्याच्या खडकाचा असल्याने हे ज्वालामुखीचेच तोंड, असे पुष्कळांना वाटे. पुढे तळाशी भोके पाडून खडकाचे नमुने काढले. गाळाखाली चुरा झालेला, वितळून काचेसारखा झालेला खडक मिळाला. त्यातल्या खनिजांवर अशा दाबाच्या खुणा होत्या की जो दाब ज्वालामुखीत कधीच निर्माण होत नाही, फक्त प्रचंड वेगाने आदळल्यावर होतो. १९७३ साली हे प्रसिद्ध झाले आणि प्रश्न मिटला. काळ्या पाषाणात दगड आदळून झालेली आणि इतकी चांगली टिकलेली अशी जागा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. चंद्र आणि मंगळ यांच्यावरचे खड्डे समजून घ्यायला म्हणूनच बाहेरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. वयाबद्दल मात्र दोन मते आहेत. पूर्वीच्या मोजणीत सुमारे पन्नास हजार वर्षे निघाली होती. २०१० साली दुसऱ्या पद्धतीने मोजले तेव्हा पाच लाख सत्तर हजार निघाली.

असा धोंडा आपल्या अंगाच्या दहा-वीस पट रुंद खड्डा पाडतो. त्या मापाने लोणारचा धोंडा शे-दीडशे मीटरांच्या आतबाहेरचा असावा. आपला एकर चौकोनी आखला तर एक बाजू ६४ मीटर येते. म्हणजे चार-पाच एकरांच्या तुकड्यात मावणाऱ्या दगडाने साडेसहाशे एकरांचा खड्डा पाडला. वेगाचा हा परिणाम. गोफणीतला गुंडा हातात धरला तर काय जड असतो? सुटल्यावर पाखराला विचारा. हे दगड सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येतात. कळंबा ते लोणार हे सारे अंतर अर्ध्या-पाऊण मिनिटात.

आदळल्यावर उडालेला माल काठाबाहेर एक-दीड किलोमीटरपर्यंत पसरला. त्यावर आज शेती आहे. तिथल्या एका शेतकऱ्याने आम्हाला बांधावर बसवून पाणी दिले आणि विचारले, "कुठून आले भाऊ तुम्ही? कोल्हापूर? मंग गूळ आणला का नाही?" गूळ आणलेला होता. दिला. त्याच्या गव्हात उभे राहून मी माती हातात घेऊन पाहिली. दगडगोटे जरा अधिक, बाकी तुमच्या-माझ्या शेतातल्यासारखी काळी. जी जागा एके काळी जळून, फुटून, उलथून गेली, तिथे एकरी गहू किती पडतो यावर आण्णा आणि तो शेतकरी अर्धा तास बोलत बसले.

दुपारनंतर खाली उतरलो. उतरायला पायवाट आहे, रान दाट आहे, वानरे आहेत, मोर ओरडतात. हे वन खात्याचे अभयारण्य आहे, त्यामुळे दगड उचलून खिशात घालू नये. गोमुखाच्या धारेला गोड पाणी बारमाही पडते. तिथे देवळे आहेत आणि लोक स्नान करतात. त्याच धारेचे पाणी खाली तळ्यात जाते आणि खारट होते. तळ्याच्या काठाला कमळजा देवीचे देऊळ आहे, सासू-सुनेची विहीर आहे. त्या विहिरीत निम्मे पाणी गोड, निम्मे खारट असे तिथले लोक सांगतात. मावश्यांनी सुनेची बाजू कोणती ते विचारले, पण कोणी सांगेना. जसजसे पाण्याजवळ जावे तसतसा उग्र वास येतो. काठाला पांढरा खार चढलेला होता. त्याच मावशींनी बोटाने चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो तर पापडखारच." चुकल्या नाहीत. लोणारचे नावच लवणावरून आलेले आहे आणि पूर्वी या तळ्यातला खार काढून विकला जाई.

इथे मला माझा विषय सापडला, त्यावर थोडे थांबतो. मातीपरीक्षणाच्या कागदावर 'सामू' असा एक आकडा असतो. साडेसहा ते साडेसात असला म्हणजे बरे. साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण होऊ लागते. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. गोड झरे आत येत असताना पाणी असे का झाले? कारण या तळ्याला आत येणारी वाट आहे, बाहेर जाणारी नाही. पाणी येते, उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले आहे. कळंबा तलाव गोड का? त्याला सांडवा आहे. दर पावसाळ्यात जुने पाणी वाहून जाते आणि त्याबरोबर क्षारही जातात. आता हेच शिरोळ तालुक्यात पाहा. कृष्णा-पंचगंगेच्या काठची सोन्यासारखी काळी जमीन, उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झाली. पाणी आत येण्याची सोय भरपूर, निचऱ्याची नाही. ज्यांनी जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून निचरा केला, त्यांच्या जमिनी पुन्हा पिकू लागल्या. लोणारला जाल तेव्हा तो पांढरा काठ नीट पाहून या. पाटाचे पाणी रात्रभर सोडून झोपणाऱ्यांनी तर अवश्य पाहावा. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून खारटपणा वाढला तेव्हा हे तळे गुलाबी झाले होते. लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागांच्या जागतिक यादीत स्थान मिळाले.

गावातले दैत्यसूदनाचे देऊळ पाहिल्याशिवाय परत फिरू नका. काळ्या दगडावरचे कोरीव काम पाहत राहावे असे आहे. कथा अशी की लवणासुर नावाचा राक्षस इथे जमिनीच्या पोटात दडून बसला होता, विष्णूने बिळाचे झाकण उडवून त्याला मारले. आपल्या कोल्हापुराला कोल्हासुर, लोणारला लवणासुर. मला या कथेचे नवल वाटले. इथली जमीन झाकण उडावे तशी उडालेली आहे, हे जुन्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखले होते. उडवले कोणी, एवढाच प्रश्न उरला होता.

परतताना सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी थांबून जालन्याकडे वळलो. जीपमध्ये आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी पडतोय तर खरा." हो, पडतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, आपला काळा पाषाण तयार होत होता त्याच सुमाराला, मेक्सिकोजवळ दहा किलोमीटर रुंदीचा धोंडा पडला आणि पृथ्वीवरचे महाकाय प्राणी संपले. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का येथे एक हवेतच फुटला आणि दोन हजार चौरस किलोमीटर रान आडवे झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर एक वीसेक मीटरांचा फुटला. उजेड दिसला म्हणून लोक खिडकीशी धावले आणि मागून आलेल्या धक्क्याने काचा फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या बाजूने आल्यामुळे कोणाला आधी दिसलाच नव्हता. लहान दगडांचा हा धोका अजून आहे. पण चमक दिसली तर खिडकीपासून लांब व्हावे, आवाज मागून येतो, एवढे तर आपण लक्षात ठेवू शकतो. विजेलाही हेच लागू. आपल्या देशात दर वर्षी वीज पडून दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांतली कित्येक शेतात काम करणारी असतात. तिचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या हवामान संस्थेने काढलेले आहे आणि फुकट मिळते. धोंड्याच्या बातम्या येतात त्याच मोबाइलवर ते घालून घ्या. आमच्या जीपमधल्या दोघा तरुणांनी अहिल्यानगर येईपर्यंत ते घातले होते.

मोठ्या दगडांचे म्हणाल तर त्यांच्यावर राखण आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने एक प्रयोग केला. सुमारे एक कोटी दहा लाख किलोमीटरांवर डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती डायमॉर्फस हा १६० मीटरांचा दगड फिरतो. त्यावर त्यांनी पावणेसहाशे किलोंच्या आतबाहेरचे यान मुद्दाम नेऊन आदळले. त्याची एक फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती अर्ध्या तासाहून थोड्या जास्त वेळाने कमी झाली. उधळलेला बैल अडवायला तो अंगावर येईपर्यंत वाट पाहायची नसते, दोन शेते आधीच बाजूने हाकायचा असतो. तसेच हे. बेन्नू नावाच्या ४९० मीटरांच्या दगडावर तर यान उतरवून माती आणली. २०१६ साली निघालेले यान २०२३ च्या सप्टेंबरात १२१ ग्रॅम माती घेऊन आले. मी शेतकऱ्यांना मातीपरीक्षणासाठी अर्धा किलो माती आणा म्हणतो, तर तीही वेळेवर येत नाही. हा बेन्नू २४ सप्टेंबर २१८२ रोजी आदळण्याची शक्यता २,७०० मध्ये एक आहे. तोवर त्याचे काय करायचे ते ठरवायला दीडशे वर्षे हातात आहेत.

आण्णांनी मे महिन्यात खड्डे घेतले, हातभर नव्हे, चांगले मीटरभर लांब-रुंद-खोल. शेणखत आणि पालापाचोळा भरला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात साठ नारळ लावले. तीस गुंठ्यांचा वाद घरात अजून चालू आहे. मुलाचीही एक बाजू आहे. त्याला धंदा काढायचा आहे आणि बँक सहजी उभी करत नाही. पण आता त्या घरात बोलणे होते ते भावाचे, हिश्शाचे आणि विहिरीच्या पाण्याचे होते.

आता एक तारीख लिहून ठेवा. ॲपोफिस नावाचा एक लघुग्रह आहे. रुंदी सुमारे साडेतीनशे मीटर, म्हणजे धोकादायकच्या नोंदवहीतला जाणता पहिलवान. १९ जून २००४ रोजी तो सापडला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला, म्हणजे त्सुनामी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो २०२९ साली आदळण्याची शक्यता शेकडा २.७ निघाली होती. जग तेव्हा मद्रास आणि इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर प्रेते उचलत होते, या बातमीकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे मोजमापे आली आणि २०२९ चा धोका गेला. २०२१ च्या मार्चमध्ये रडारने पुन्हा मोजून पुढची शंभर वर्षे तो आदळत नाही असे नक्की केले. नाव मिसरातल्या एका पुराणकथेतले आहे. सूर्याला गिळू पाहणारा अंधाराचा साप, आपल्या राहूचा भाऊबंदच.

तर हा ॲपोफिस १४ एप्रिल २०२९ रोजी, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या पहाटे, आपल्या घड्याळाने सव्वातीन वाजता पृथ्वीला सर्वांत जवळ असेल. जमिनीपासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटर. तुमचा टीव्ही आणि हवामानाचा अंदाज ज्या उपग्रहांवरून येतो ते छत्तीस हजार किलोमीटरांवर आहेत, त्यांच्याही अलीकडून हा जाईल. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियात तो दुर्बिणीवाचून, साध्या चांदणीसारखा सरकताना दिसेल. एवढ्या मोठ्या दगडाचे इतक्या जवळून जाणे आधी ठाऊक असून पाहायला मिळणे, हे आजवर माणसाच्या वाट्याला आलेले नाही. बेन्नूची माती टाकून जे यान पुढे गेले, तेच आता याच्या मागावर वळवले आहे. त्या रात्री पृथ्वी त्याला ओढ देईल आणि त्याची वाट बदलेल. आज तो सूर्याभोवतीची फेरी ३२४ दिवसांत पुरी करतो. त्या पहाटेनंतर त्याला वर्षाहून अधिक दिवस लागू लागतील.